समकालीन कलाप्रदर्शनातून काहीही न शिकता सुखरूप बाहेर कसे पडावे

कलाप्रदर्शनाला जाणे हल्ली टाळता येत नाही. मुलाच्या शाळेतून चिठ्ठी येते. ऑफिसातली तरुण मंडळी काळा घोडा फेस्टिव्हलला निघतात आणि ‘तुम्हीपण येताय ना सर?’ असे लिफ्टमध्ये गाठून विचारतात. न्यू जर्सीहून आलेल्या भाचीला मुंबईतले काहीतरी ‘वेगळे’ पाहायचे असते. नाहीतर नुसता पाऊस येतो, छत्री घरी राहिलेली असते आणि समोर जहांगीर आर्ट गॅलरीचा दरवाजा उघडा असतो. आत शिरायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे तेही कारण पुढे करता येत नाही.

तेव्हा जावे लागणार, हे धरूनच चालावे. प्रश्न उरतो तो सुरक्षिततेचा. संग्रहालयांचे संचालक, क्युरेटर, कलाशिक्षक ही मंडळी ‘समकालीन कलाप्रदर्शनांची शैक्षणिक क्षमता’ हे शब्द इतक्या गोड आवाजात उच्चारतात की त्यातली धमकी चटकन लक्षात येत नाही. आपले शिक्षण रीतसर पूर्ण झालेले आहे, गुणपत्रिका लॅमिनेट करून कपाटात ठेवलेल्या आहेत, आणि आता चाळिशीत कोणी भिंतीला चार काठ्या टेकवून आपल्याला शिकवावे, हे कुठल्याही स्वाभिमानी माणसाला मानवणारे नाही. खालील सूचना अशा नवशिक्यांसाठी आहेत. नीट पाळल्यास डोके जसे आत नेले तसेच बाहेर आणता येईल.

पूर्वतयारी

बहुतेकांची तयारी शाळेतच झालेली असते. निघण्यापूर्वी फक्त उजळणी करावी. दोन डोंगर, त्यांच्या बेचक्यातून उगवणारा सूर्य, खाली येताना रुंद होत जाणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीवर वाकलेला माड. चित्र म्हणजे हे. ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा दिल्या आहेत त्यांचा पाया आणखी भक्कम असतो. संकल्पचित्रात रंग रेषेबाहेर गेला की गुण गेले, स्मरणचित्रात ‘बाजार’ आला की तराजू धरलेली बाई आलीच पाहिजे. इंटरमिजिएटची श्रेणी हाती पडली की दहावीला वाढीव गुण मिळतात आणि कॅमलची रंगपेटी माळ्यावर जाते. कलेशी आपले नाते असे सन्मानाने संपते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. याच परीक्षांत वस्तुचित्राचाही पेपर असतो. समोर तांब्या, शेजारी दोन कांदे, मागे चुण्या पडलेले कापड, आणि पेपर संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहत बसायचे. तांब्याच्या पोटावर अख्खी खिडकी वाकडी होऊन बसलेली असते, कांद्याची सावली काळी नसून जांभळट असते, असले काहीबाही तेव्हा आपल्या लक्षात आलेले असते. पुढे आयुष्यात कुठल्याही एका वस्तूकडे आपण इतका वेळ पाहिलेले नाही. ही आठवण गॅलरीत जागी झाली तर उरलेल्या सर्व सूचना फुकट जातील. घरून निघताना शक्यतो तांब्याकडे बघू नये.

सतरा सेकंदांचा नियम

शिकायला वेळ लागतो; म्हणून वेळच देऊ नये. याबाबत जगभरचा अनुभव आपल्या बाजूने आहे. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक नावाजलेल्या चित्रांपुढे किती वेळ थांबतात, हे जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ या संशोधकांनी मोजले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केले. सरासरी निघाली २७.२ सेकंद. तीसुद्धा काही रेंगाळणाऱ्यांनी फुगवलेली. मध्यक पाहिला तर अवघा १७ सेकंद. म्हणजे निम्मे लोक १७ सेकंद व्हायच्या आतच पुढे सरकले होते, आणि त्यात शेजारची पाटी वाचण्याचा वेळही आला. पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा आकडे फारसे हलले नाहीत. नवीन दिसले ते एवढेच, की पुष्कळ लोक चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो घेत होते.

हिशेब सोपा आहे. दालनात ४० चित्रे असतील तर ११ मिनिटे २० सेकंद. त्याहून जास्त वेळ आत काढल्यास ती आपली जबाबदारी. फोटोची युक्ती अवश्य वापरावी, कारण तिच्यात पाठ चित्राकडे आणि डोळे स्वतःकडे, असा दुहेरी बंदोबस्त होतो. मोठ्या आकाराची, आरसे किंवा दिवे लावलेली कलाकृती यासाठी उत्तम. चित्र फोनमध्ये आले म्हणजे ते ‘नंतर निवांत बघू’ या सदरात जमा होते, आणि त्या सदरातून आजवर काही बाहेर आलेले नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी गेल्यास फोटोचीही गरज पडत नाही. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, त्यांना झालेला उशीर, समोसे. चित्रांपुढे इतकी माणसे उभी असतात की दिसले तर शेजाऱ्याच्या कुडत्यावरचे भरतकामच दिसेल.

भिंतीवरचा मजकूर

दालनात शिरताच उजव्या किंवा डाव्या हाताला एक लांबलचक मजकूर लावलेला असतो. चित्रांकडे वळण्याआधी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा. एवढा खात्रीचा उपाय दुसरा नाही. मजकूर साधारण असा असतो: ‘प्रस्तुत मालिका स्मृती, अवकाश आणि विस्थापन यांच्यातील ताणलेल्या सहसंबंधांची चिकित्सा करीत पाहण्याच्या प्रक्रियेलाच प्रश्नांकित करते.’ हे वाचून आपण वळतो तेव्हा समोर तीन पायांची एक खुर्ची असते. आता त्या खुर्चीला चौथा पाय का नाही, ती पडत कशी नाही, कोण बसत असेल तिच्यावर, असला बाळबोध विचार करायची आपल्याला लाज वाटते. खुर्ची आता खुर्ची राहिलेली नसून सहसंबंध झालेली असते. आपण मान हलवून पुढे जातो. अगदी निर्धोक.

या भाषेची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. २०१२ मध्ये अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी कलाप्रदर्शनांची हजारो प्रसिद्धिपत्रके तपासून दाखवून दिले, की कलाविश्वात इंग्रजीची एक वेगळीच बोली तयार झाली आहे, आणि तिच्यात प्रत्येक कलाकृती कशावर तरी प्रश्नचिन्ह उभे करते, काहीतरी उलथवते आणि कसल्या तरी अवकाशात वावरते. मराठीनेही या बाबतीत हयगय केलेली नाही. आमचे काही समीक्षक तर मूळ चित्र न पाहताही अशी चार पाने लिहू शकतात, आणि ती पाने वाचून झाल्यावर वाचकालाही चित्र पाहावेसे वाटत नाही. समाजसेवाच म्हणायची.

धोका असतो तो आखूड पाट्यांचा. नाव, साल आणि माध्यम: ‘भिंतीवर कोळसा’. इतकेच लिहिलेले आढळले तर ताबडतोब पुढचे दालन गाठावे, कारण समोर प्रभाकर पाचपुते असण्याची शक्यता आहे. पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, १९८६ सालचा जन्म, घरातली मागची पिढी कोळशाच्या खाणीत कामाला. २०१२ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, पुढे २०२१ मध्ये ब्रिटनचा आर्टेस मुंडी पुरस्कार त्या फेरीतल्या सहाही कलावंतांना विभागून दिला गेला त्यात ते होते, आणि २०२२ मध्ये व्हेनिस बिनालेच्या मुख्य प्रदर्शनातही. हा माणूस कोळशाने थेट भिंतीवर माणसे काढतो. धड खाणकामगाराचे, आणि डोक्याच्या जागी भलतीच वस्तू.

आपण भूगोलात ‘जोड्या लावा’ सोडवलेले आहे. चंद्रपूर: दगडी कोळसा. एक गुण. विषय संपला होता. या भिंतीपुढे १७ सेकंदांहून जास्त उभे राहिल्यास तो पुन्हा उघडतो. काढणाऱ्याच्या बोटांना लागलेली काजळी आणि काढलेल्या माणसाच्या अंगावरची काजळी एकाच जातीची आहे, हे आधी दिसते. मग असे वाटू लागते की या दालनातले दिवे ज्या विजेवर चालले आहेत ती कशापासून बनते ते आपल्याला ठाऊक आहे. मग शेताखाली कोळसा निघाला की शेताचे काय होते, हा प्रश्न. आणि प्रदर्शन संपल्यावर या भिंतीचे काय करतात? चुना फासतात. कामगाराचे चित्र पुसून जागा पुढच्याला देतात. बघा, एका ‘जोड्या लावा’चे काय होऊन बसते ते. यासाठीच माध्यमाची ओळ वाचू नये म्हणतात.

किमतीचा आडोसा

आजूबाजूला कोणी गंभीर होऊ लागले की किमतीचा विषय काढावा. केळ्याची गोष्ट सर्वांना माहीत असते. २०१९ मध्ये मायामीत मौरिझियो कातेलानने भिंतीला चिकटपट्टीने केळे चिकटवले, २०२४ मध्ये त्याच कल्पनेची एक प्रत लिलावात ६२ लाख डॉलरला गेली, आणि घेणाऱ्याने केळे खाल्ले. हे सांगितले की संभाषण आपोआप ‘आमच्याकडे डझन सत्तर रुपयांना मिळतात’ या सुरक्षित मुक्कामी पोहोचते.

देशी उदाहरण देताना जपावे. हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले, इतकेच सांगून थांबावे. कारण पुढे कोणी विचारले की इतकी वर्षे ते होते कुठे, तर सांगावे लागते की १९५४ मध्ये दिल्लीत काम करणाऱ्या एका डॉक्टराने ते घेतले, नॉर्वेला नेले, आणि त्याच्यामागे ते ओस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेले राहिले. तिथल्या डॉक्टर-परिचारिका अनेक दशके त्या तेरा चौकटींतली बैलगाडी, जाते, बायका पाहत ये-जा करत होत्या. वर लिलावाचे पैसे नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जाणार, असे जाहीर झाले. पैशाच्या गप्पांतही शिक्षण असे आडवाटेने घुसते.

‘हे तर आमची चिंगीपण काढेल’

हे वाक्य दर प्रदर्शनात किमान एकदा, आवाज चढवून, म्हणावे. परंपरेने ते अमूर्त चित्रापुढे म्हणतात. चित्रकार गायतोंडे यांच्या पिवळ्या कॅनव्हासपुढे म्हटल्यास जास्त परिणाम होतो. अडचण इतकीच, की बॉस्टन कॉलेजच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे वाक्य फारच मनावर घेतले. त्यांनी नामवंतांची अमूर्त चित्रे आणि लहान मुलांनी, माकडांनी, हत्तींनी केलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवली आणि लोकांना निवडायला लावले. काही वेळा नावांच्या चिठ्ठ्या मुद्दाम उलटसुलट केल्या. तरी लोकांनी निम्म्याहून बऱ्याच जास्त वेळा कलावंताचेच चित्र चांगले म्हणून उचलले, आणि ज्यांना कलेतले काही कळत नव्हते त्यांनीही. म्हणजे डोळ्याला फरक कळतो. तोंड कबूल करत नाही. तोंडावर ताबा ठेवावा तो याचसाठी.

खुद्द चिंगीला मात्र बरोबर नेऊ नये. लहान मूल हा प्रदर्शनातला सर्वांत स्फोटक पदार्थ. ते पाटी वाचत नाही, ‘सहसंबंध’ त्याला माहीत नसतो, आणि ते मोठ्याने विचारते, ‘बाबा, या माणसाला डोकं का नाहीये?’

आणि हा प्रश्न निरागस वगैरे मुळीच नाही, त्यामागे एक अख्खी पद्धत आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या शिक्षण विभागाला विश्वस्तांनी विचारले, की तुम्ही एवढी व्याख्याने, एवढ्या माहितीफेऱ्या करता, त्यातून लोक काही शिकतात का? तपासले तेव्हा कळले, की ऐकताना माना हलवणाऱ्या लोकांच्या लक्षात जवळपास काहीच राहिलेले नव्हते. (आपल्या दृष्टीने सुवर्णकाळ.) शिक्षण विभागाचे प्रमुख फिलिप येनावाइन यांनी मग अ‍ॅबिगेल हाउझन या मानसशास्त्रज्ञ बाईंना बरोबर घेतले आणि माहिती सांगण्याचा शिरस्ता मोडून तीन प्रश्न उरवले. या चित्रात काय चालले आहे? असे वाटावे असे तुम्हाला त्यात काय दिसते? आणखी काय सापडते? विचारणाऱ्याने उत्तर द्यायचे नाही, चूक-बरोबर म्हणायचे नाही, नुसते मुलांचे म्हणणे पुन्हा म्हणायचे आणि बोटाने ती जागा दाखवायची.

सगळी मेख मधल्या प्रश्नात आहे. ‘हा माणूस दुःखी आहे’ असे कोणी म्हणाले की आपल्याकडे ‘शाब्बास’ किंवा ‘गप्प बस’ यांपैकी एक मिळते. इथे विचारतात, कशावरून? मग मुलाला पुन्हा भिंतीकडे वळून पुरावा शोधावा लागतो: खांदे पडलेत, हात खिशात आहेत, सावली त्याच्याहून मोठी आहे. शेजारची मुलगी म्हणते, दुःखी नाहीये, थकलाय. कशावरून? आणि हे दोघे भांडण न करता एकाच चित्रावर दहा मिनिटे काढतात. जुन्या, ओळखीच्या चित्रावर निदान ‘हे राजा रविवर्मा’ म्हणून सुटता येते. समकालीन चित्रावर पाठ केलेले उत्तरच नसते, ते बाईंनाही माहीत नसते, म्हणून तिथे हा प्रकार अधिक बळावतो. वर्गात ‘कशावरून?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने शिक्षकाला विचारायची सवय लागली तर पुढे काय होईल याची कल्पना केलेली बरी.

सहलीसंबंधी शिक्षकांना सूचना

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सहलीला सोयीचे आहे, कारण ते राणीच्या बागेला लागून आहे आणि मुलांचे लक्ष आधीपासून पेंग्विनमध्ये असते. दोन-दोनच्या रांगेत आणावे, मोजावे, आत मोजावे, बाहेर मोजावे. प्रत्येकाच्या हातात छापील तक्ता द्यावा: संग्रहालयाची स्थापना १८५७, इमारत खुली झाली १८७२, रिकाम्या जागा भरा. मान तक्त्यात गेली की काचेतली मातीची छोटी माणसे, तेली, कोष्टी, कोळी, आपल्या पणजोबांचे धंदे करत बसलेली, कोणाला दिसत नाहीत.

२००८ मध्ये डागडुजी होऊन हे संग्रहालय पुन्हा उघडल्यापासून तिथे एक खोडी सुरू झाली आहे. जुन्या कपाटांच्या मध्येच आजच्या कलावंतांना बोलावतात. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी आले, नंतर अतुल दोडिया आले, तेही ‘सात हजार संग्रहालये’ असे नाव घेऊन. मुलांना जुने कुठले आणि नवे कुठले ते चटकन कळेनासे होते, आणि ‘बाई, हे कपाटात का ठेवलंय, ते बाहेर का ठेवलंय, कोण ठरवतं?’ असा प्रश्न निघतो. या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नाही. ‘चला, पेंग्विन बंद होतील’ म्हणावे.

रखवालदार

दालनाच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाशी ‘टॉयलेट कुठे?’ यापलीकडे बोलू नये. आपले १७ सेकंद आणि त्याचे रोजचे आठ तास. कोणत्या चित्रापुढे बायका थांबतात, कुठल्या मूर्तीला लहान मुले हात लावायला धावतात, दुपारचे ऊन कुठल्या चित्रावर येते आणि मग त्यात काय वेगळे दिसते, हे त्याच्याकडे सगळे असते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कला संग्रहालयाने २०२२ मध्ये आपल्याच १७ रखवालदारांना संग्रहातून कलाकृती निवडायला लावल्या आणि त्यांचे प्रदर्शन भरवले. आपल्याकडे अजून कोणाला हे सुचल्याचे ऐकिवात नाही, यातच समाधान मानावे.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी: कोची

वरील सूचना अंगवळणी पडल्यावरच कोची-मुझिरिस बिनालेला जाण्याचे धाडस करावे. १२ डिसेंबर २०१२ रोजी सुरू झालेले हे प्रदर्शन फोर्ट कोचीच्या जुन्या गोदामांत भरते. आरंभीची मुख्य जागा अ‍ॅस्पिनवॉल हाउस, एका इंग्रज मसाला व्यापाऱ्याने १८६७ मध्ये थाटलेली कोठी. भिंती पांढऱ्या नाहीत, छपरातून उजेड गळतो, पाठीमागे बंदरात जहाजे जातात, त्यामुळे आपण प्रदर्शनात आहोत की इतिहासात, ते सावधपणे लक्षात ठेवावे लागते. पहिल्याच वर्षी विवान सुंदरम यांनी जवळच्या पट्टणमच्या उत्खननात निघालेल्या, पुरातत्त्ववाल्यांना नको असलेल्या खापरांच्या ढिगांतून एक अख्खे शहर मांडले आणि त्यात मिरीचे दाणे सोडले. रोमन जहाजे मिरीसाठी इथे येत, हे वाक्य आपण नववीत रट्टा मारून विसरलो होतो. खापरे बघून ते परत आठवते.

२०१६ चे बिनाले सुदर्शन शेट्टी यांनीच क्युरेट केले होते. त्यात चिलीचा कवी राउल झुरिता याने एका लांब गोदामाच्या फरशीवर समुद्राचे पाणी भरले. प्रेक्षकाने चपला काढायच्या, पँट गुडघ्यापर्यंत वर करायची आणि पाण्यातून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचे. नवशिक्याने दारातूनच मागे फिरावे. आत उतरलात तर पाणी गार लागते, चालण्याचा आवाज होतो म्हणून आपोआप हळू चालले जाते, १७ सेकंदांत तर अर्धी खोलीही ओलांडत नाही. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर प्रश्न लिहिलेले, आणि टोकाला गालिप कुर्दीबद्दलचा मजकूर. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर लाल सदऱ्यातले, पालथे पडलेले पोर २०१५ मध्ये जगाने पाहिले. तो अ‍ॅलन. त्याचा पाच वर्षांचा भाऊ गालिपही त्याच रात्री बुडाला. त्याचा फोटो जगापुढे आला नाही. हे कळते तेव्हा आपण त्याच पाण्यात उभे असतो आणि परत जायलाही त्याच पाण्यातून जायचे असते. निर्वासितांवरचे कितीही अग्रलेख चहाबरोबर पचवलेल्या माणसाला इथे त्रास होऊ शकतो. ही सूचना मी थट्टेने लिहीत नाही.

२०१८ च्या बिनालेत मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचे काम होते. अंधाऱ्या खोलीत छतापासून शंभर माइक टांगलेले. प्रत्येकाखाली एक टोकदार सळई, तिच्यात खुपसलेला एक कागद, कागदावर एका कवीच्या ओळी. असे शंभर कवी, शतकानुशतकांतले, देशोदेशीचे, लिहिल्याबोलल्याबद्दल तुरुंगात टाकलेले. माइकमध्ये आपण बोलतो, ही आपली समजूत. इथे माइकच बोलतात. एक जण कुठल्या तरी परक्या भाषेत ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून ती घोळवतात. भाषा कळत नाही म्हणून बाहेर पडायला जावे, तर समोर आणखी एक कागद असतो आणि त्यावरचे नाव ओळखीचे निघते.

प्रदर्शन घरी चालून आल्यास

मुंबई-कोचीपासून लांब राहिलो म्हणजे सुटलो, असे मानू नये. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे दवाखाना सांभाळणाऱ्या आणि त्याच ठाण्याच्या रस्त्यांची, लोकलची, बांधकामांची चित्रे काढणाऱ्या सुधीर पटवर्धन यांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन जुळवले आणि ते नागपूर, सोलापूर, कोल्हापूर अशा गावांतून फिरवले. मूळ चित्रे, छापील प्रती नव्हेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही २०१५ पासून बसमध्येच प्रदर्शन मांडून ती शाळांच्या दारात न्यायला सुरुवात केली आहे. दारात बस उभी राहिल्यावर गैरहजेरीचे कारण शोधणे कठीण.

दिवसभर एक्स-रे वाचणारा माणूस चित्रे काढतो, यात तसे नवल नाही. येल विद्यापीठाने तर वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन चित्रांचे बारकाईने वर्णन करायला लावले आणि मग रुग्णांच्या छायाचित्रांवर त्यांची परीक्षा घेतली. चित्रे पाहून आलेल्यांना रुग्णातले बारकावे जास्त दिसू लागले, असे २००१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ती चित्रे जुन्या ब्रिटिश वळणाची होती, समकालीन नव्हती, हा एक दिलासा. तरी पुढच्या वेळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये भिंतीवर काय टांगले आहे आणि डॉक्टर त्याकडे बघतात का, हे पाहून ठेवायला हरकत नाही.

लागण झाल्यास

एवढे करूनही काही जणांना बाधा होते. लक्षणे: एकाच दालनात दुसऱ्यांदा शिरणे, पाटी वाचण्याआधी चित्र पाहणे, शेजाऱ्याला ‘तुम्हाला काय दिसतंय?’ असे विचारणे, परतीच्या लोकलमध्ये समोरच्या माणसाच्या खांद्यांचा उतार पाहत बसणे. अशा वेळी तातडीने अभिप्राय-वही गाठावी आणि ‘खूप छान प्रयत्न, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ असे लिहून खाली झोकदार सही करावी. बऱ्याच जणांना एवढ्यानेच आराम पडतो. वहीची मागची पाने चाळू नयेत. एखाद्या सहावीतल्या मुलाने तिथे ‘मला तिसरे चित्र आवडले नाही कारण’ असे लिहून पुढे अर्धे पान भरलेले असते.

आणि ज्यांना कसलाच धोका पत्करायचा नाही त्यांनी वार बघून निघावे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी. नेमके त्या दिवशी सहकुटुंब टॅक्सी करून जावे, बंद दरवाजा दोनदा हलवून बघावा, रखवालदाराला ‘आधी सांगायला काय होतं?’ असे खडसवावे, आणि या देशात कलेची कोणाला कदरच नाही, असे टॅक्सीवाल्याला घरी पोहोचेपर्यंत ऐकवावे.